पाल विषारी नसते हो!

"जेवणात पाल पडली, अख्ख्या पंगतीला विषबाधा" अशी बातमी दर लग्नसराईत कुठून तरी येतेच, आणि मग घरोघरी झाडू घेऊन पालीमागे धावाधाव. पण आपल्या भिंतीवरच्या पालीकडे विष नावाची गोष्टच नाही, ना दातात, ना कातडीत, ना शेपटीत. खरे विषारी सरडे म्हणजे अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटातला गिला मॉन्स्टर, त्याचा भाऊबंद बीडेड लिझर्ड, आणि विषग्रंथी कोमोडो ड्रॅगनलाही (इंडोनेशियातली महाकाय घोरपड) असतात, पण यातलं कोणी आपल्या ट्यूबलाइटमागे राहत नाही.

मग लोकांना उलट्या का होतात? पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे बॅक्टेरिया असू शकतात, आणि कोमट दुधात किंवा भाताच्या पातेल्यात ते तासन्‌तास राहिले की भराभर वाढतात. शिवाय शेकडो माणसांचं जेवण पहाटे करून दुपारपर्यंत तसंच उघडं ठेवलं तर पाल न पडताही पोटं बिघडतात, पण पातेल्यात सापडली ती, मग आळ तिच्यावरच. काहींना तर नुसतं कळल्यावरच मळमळतं (ती किळस, विष नव्हे). ते अन्न फेकायचंच, त्यात वाद नाही.

तुटलेली शेपटी वळवळते तिलाही लोक घाबरतात. ती पाल स्वतःच तोडते, मांजर शेपटीकडे बघत बसतं तोवर ही पसार, आणि नंतर जी नवी उगवते तिच्यात मणके नसतात, नुसती कूर्चेची नळी असते.