मोत्याच्या डुलाची मुलगी आणि यान सिक्स: भाव कुठला, स्वभाव कुठला?

डच चित्रकार व्हर्मीरच्या, मोत्याचं डूल घातलेल्या मुलीच्या चित्राबद्दल बोलताना आपण हटकून तिच्या मनात शिरतो. ती निरागस आहे, प्रेमात आहे, काहीतरी सांगता सांगता थांबली आहे. मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. पण हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं, साधारण १६६५ सालचं हे चित्र व्यक्तिचित्र नाहीच. ती ट्रोनी आहे.

ट्रोनी म्हणजे जुन्या डच भाषेत चेहरा. सतराव्या शतकातले डच चित्रकार दाढीवाला म्हातारा, शिपाई, फेटा बांधलेली मुलगी असे चेहरे रंगवून विकत. समोर कुणीतरी बसलेलं असे, पण ते कोण याच्याशी विकत घेणाऱ्याला देणंघेणं नसे. या मुलीच्या नाकाचा कणा गालात विरून गेलाय, डुलाला कडीही दिसत नाही. उरतो तो मागे वळून पाहण्याचा क्षण. तो भाव आहे; त्यामागचा स्वभाव आपण आपल्या पदरचा घालतो.

त्याच शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराने तर १६३०च्या सुमारास आरशासमोर डोळे विस्फारून, तोंड वासून स्वतःच्याच चेहऱ्याची छापचित्रं केली. चेहरा त्याचा असला, तरी अभ्यास आश्चर्याचा आहे.

व्यक्तिचित्रात बसणारा माणूस ठरलेला असतो. आपण कसं दिसावं याबद्दल त्याचं स्वतःचं मत असतं, बहुधा पैसेही तोच देतो. चित्रकाराला ते मत सांभाळून त्यापलीकडे पाहावं लागतं. रेम्ब्रांटने १६५४मध्ये रंगवलेला यान सिक्स बघा. छत्तिशीतला कवी, श्रीमंत घरातला, रेम्ब्रांटचा स्नेही; पुढे ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष झाला. चेहरा सावकाश, जपून रंगवलाय. हात आणि हातमोजा मात्र मोजक्या फटकाऱ्यांत उरकलेत, खांद्यावरच्या लाल झग्याची सोनेरी किनार तर नुसते रंगाचे सुटे पट्टे. त्यामुळे होतं काय, की नजर कुठल्याशा विचारात थबकलेली आणि हात सवयीने हातमोजा ओढतायत, असं दिसतं. मान किंचित कललेली. समोर कुणी आपल्याला रंगवतंय याची त्याला फिकीर नाही. हा स्वभाव रेम्ब्रांटच्या नजरेतून आलेला आहे हे खरंच, पण ती नजर ओळखीच्या माणसावर खिळलेली होती.

ॲमस्टरडॅमच्या सिक्स घराण्याने हे चित्र आजवर आपल्याकडेच ठेवलं आहे.