अडगळ काढणे (इंदूर)

वापरात नसलेल्या वस्तू निवडून घराबाहेर काढण्याचे घरकाम. झाडलोट करताना किंवा जळमटे काढताना सामान तेवढेच राहते. अडगळ काढताना ते कमी व्हावे लागते. इंदूरच्या मराठी घरांतही अशा सामानाला सर्रास ‘अटाला’ म्हणतात. रामबाग, नारायण बाग या बाजूच्या जुन्या घरांतून फ्लॅटमध्ये आलेल्या कुटुंबांकडे तो जास्त आढळतो, कारण पोटमाळ्यावरचे सगळे सामान दोन-तीन खोल्यांच्या माळ्यावर कोंबलेले असते.

या कामाचे हंगाम दोन. नवरात्रात घट बसण्यापूर्वीचे पंधरा-वीस दिवस हा मुख्य हंगाम. पाऊस ओसरलेला असतो, ऊन कडक असते, गाद्या आणि रजया वाळतात. शिवाय पितृपक्षात नवी खरेदी टाळण्याची रीत असल्याने घरात नव्याने काही येत नाही. दुसरा हंगाम चैत्र-वैशाखातला, आणि तो फक्त धान्याचा. माळव्यात वर्षाचे गहू याच सुमारास भरतात. कोठी पूर्ण रिकामी करून, पुसून, दोन दिवस उन्हात ठेवल्याशिवाय नवे गहू ओतू नयेत. तळाशी उरलेल्या जुन्या दाण्यांतले सोंडे नव्या धान्यात उतरतात. हे काम दिवाळीवर ढकलून उपयोग नाही.

वेळेचा अंदाज जवळजवळ प्रत्येक घरात चुकतो. एका लोखंडी कपाटात दीड-दोनशे वस्तू सहज असतात. प्रत्येकीबाबत ‘ठेवायची की काढायची’ ठरवायला अर्धा मिनिट धरला, तरी नुसत्या निर्णयांना सव्वा ते जवळजवळ पावणेदोन तास लागतात; पुसणे आणि परत लावणे वेगळे. म्हणून एका बैठकीत एक कपाट किंवा अर्धा माळा, आणि बैठक दीड-दोन तासांपेक्षा लांबवू नये. त्यानंतर माणूस कंटाळून सगळेच ठेवू लागतो किंवा सगळेच फेकू लागतो. नोकरी करणाऱ्यांनी रोज वीस मिनिटांत एक ड्रॉवर आणि रविवारी एक मोठी बैठक असे धरले, तर तीन खोल्यांचे घर पाच-सहा आठवड्यांत होते. म्हणजे नवरात्रापूर्वी संपवायचे तर सुरुवात श्रावणातच हवी. गणपती-गौरींचे दिवस मात्र या हिशेबातून वगळावेत.

खरी अडचण निवडण्यात नसून निवडलेले बाहेर जाण्यात आहे. दाराशी बांधून ठेवलेली पिशवी महिनाभर तिथेच राहिली की घरातले कोणीतरी ती उघडते आणि निम्मे सामान परत आत जाते. त्यामुळे आधी बाहेर जाण्याचा दिवस ठरवावा आणि बैठक त्याच्या आदल्या दिवशी ठेवावी. इंदूर 2017 ते 2023 सलग सात वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले, त्यामागे घरोघरी फिरणाऱ्या कचरागाड्यांचा मोठा वाटा आहे. या गाड्यांत ओला, सुका, प्लॅस्टिक, घरगुती घातक, सॅनिटरी आणि इ-कचरा असे सहा प्रकार वेगळे घेतले जातात. माळ्यावरून काढलेले सगळे एकाच गोणीत भरले, तर सकाळी गाडी दाराशी आल्यावर गोणी पुन्हा उपसावी लागते. निवडतानाच सहा पिशव्या मांडून बसणे सोपे. मुदत संपलेली औषधे आणि सेल घातक कचऱ्यात जातात. सीएफएल दिव्यात पारा असतो, म्हणून तो न फोडता वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच पिशवीत द्यावा. जुना मोबाइल देण्यापूर्वी सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढावे, आतली माहिती पुसावी.

रद्दी आणि धातू अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला. पितळ आणि लोखंड एकत्र दिले तर भाव लोखंडाचा मिळण्याची भीती असते. घरातले साधे लोहचुंबक फिरवावे, पितळेला ते चिकटत नाही. ओलसर रद्दीचे पैसे कापले जातात, म्हणून गठ्ठे एक दिवस उन्हात टाकावेत. वजन आधी घरच्या काट्यावर करून ठेवावे. पितळी भांडी बर्तन बाजारात मोड म्हणून देऊन नवी घेता येतात, पण धनत्रयोदशीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. सुस्थितीतल्या शालेय पुस्तकांसाठी खजुरी बाजार आहे.

क्रम सोप्याकडून अवघडाकडे असावा : औषधे, स्वयंपाकघर, कपडे, कागद आणि शेवटी फोटो. फोटोंपासून सुरुवात केली की अल्बम उघडतो आणि दुपार तिथेच जाते. स्वयंपाकघरात डबे आणि झाकणे जमिनीवर मांडून जोड्या लावाव्यात. जोडी नसलेले निघाले. शेव-नमकीनच्या रिकाम्या बरण्या इंदुरी घरात किती साठतात हे सांगायला नको. दहा ठेवाव्यात, बाकीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. कपड्यांत ‘रंगपंचमीला होतील’ या सबबीखाली गठ्ठे राहतात. गेरीला, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीला, जाणाऱ्या माणशी एक जोड पुरे होतो.

पैठणी आणि इतर जरीच्या साड्या टाकायच्या नसल्या तरी याच वेळी उलगडाव्यात. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेली जरीची तार त्या रेघेवर तुटते. घडी बदलून साडी धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावी; प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, आणि डांबराच्या गोळ्या जरीला लागल्या तर ती काळी पडते.

कागदांबाबत घाई नको. रजिस्ट्री, मृत्युपत्र, वारसाचे कागद आणि मूळ प्रमाणपत्रे कधीच रद्दीत जात नाहीत. विजेची जुनी बिले आणि काढून टाकलेल्या वस्तूंची वॉरंटीपत्रे जाऊ शकतात. इंदूरचे होळकर संस्थान 1948 मध्ये मध्य भारत राज्यात विलीन झाले. त्याआधीपासून इथे राहणाऱ्या घरांच्या ट्रंकांत मोडी लिपीतले कागद निघतात. वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत देणे ही सर्वांत महागडी चूक, कारण त्यात जमिनीचा व्यवहार असू शकतो. मोडी वाचणाऱ्याला दाखवेपर्यंत ते सपाट ठेवावेत. लॅमिनेशन करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुढे कागद फाडल्याशिवाय निघत नाही.

नेहमीच्या चुकांत पहिली म्हणजे आधीच नवे डबे, खोकी आणि ऑर्गनायझर आणणे. सामान कमी होण्याआधी जागा वाढली की अडगळ फक्त नीट रचली जाते. दुसरी, संपूर्ण घर एकाच दिवशी उपसणे. संध्याकाळी पलंगांवर ढीग आणि झोपायला जागा नाही अशी वेळ येते. तिसरी सर्वांत तंटेखोर : दुसऱ्याच्या वस्तू त्याला न विचारता काढणे. आजोबांचे रेडिओचे सुटे भाग असोत वा सुनेच्या माहेरची भांडी, तो ढीग ज्याचा त्याच्याकडून तपासून घ्यावा. निर्णय होत नसेल त्या वस्तू एका खोक्यात घालून वर तारीख लिहावी. सहा महिन्यांत ते कोणी उघडले नाही तर मालकाला सांगून खोके पुढच्या गाडीला द्यावे. मोडकी खाट, दिवाण, कपाट असे सामान रोजच्या गाडीच्या कप्प्यात मावत नाही. त्यासाठी अटालेवाल्याशी आधी बोलून जिना उतरवण्याची मजुरी कोणाकडे हे ठरवून घ्यावे, नाहीतर मिळालेला भाव मजुरीतच जातो.