बाळंतपणाच्या रजेमुळे सीआर घसरला? निवेदन देण्याआधी एवढं बघा

सीआरच्या, म्हणजे वर्षभराच्या कामावर वरिष्ठ लिहितात त्या गोपनीय अहवालाच्या, प्रती हातात पडल्या की कोल्हापुरातल्या सरकारी कार्यालयांत एकच गाऱ्हाणं ऐकू येतं: "सहा महिने रजेवर होते, म्हणून 'ब' शेरा दिला." त्यावर निवेदनं जातात आणि बरीचशी फेटाळलीही जातात, कारण त्यांत व्यथा असते, तारखा नसतात.

राज्य असो वा केंद्र, दोनपेक्षा कमी हयात अपत्यं असतील तर 180 दिवसांची पगारी रजा मिळते. अहवाल मात्र 1 एप्रिल ते 31 मार्चचा असतो आणि अधिकाऱ्याने तुमचं काम किमान तीन महिने पाहिलेलं असावं लागतं. समजा रजा 15 जुलै ते 10 जानेवारी. मग अहवाल 14 जुलैपर्यंतच्या साडेतीन महिन्यांचाच. 11 जानेवारीनंतरचे दिवस तीन महिने भरत नाहीत. पण होतं काय, उद्दिष्ट बारा महिन्यांचं धरतात आणि काम साडेतीन महिन्यांचं मोजतात! स्वयंमूल्यमापन भरतानाच रजेच्या तारखा लिहा. तो रकाना कोरा सोडलात तर पुढे भांडायला जागा उरत नाही.

अडतं ते रजा मंजुरीच्या लेखी आदेशापाशी. "साहेब हो म्हणाले होते" हा कागद नव्हे. आदेश नसेल तर आस्थापनेकडून सेवापुस्तकातल्या रजेच्या नोंदीची प्रत मागा. सोबत रुजू अहवाल जोडा, बारनिशीचा (आवक-जावक विभागाचा) शिक्का असलेला. शिक्का नसेल तर "मिळालाच नाही" म्हणायला कुणाला वेळ लागत नाही.

निवेदनाची मुदत वर्ष संपल्यापासून नव्हे, प्रत हातात आल्यापासून मोजतात. टपाल, आयकर अशा केंद्राच्या खात्यांत ती 15 दिवस आहे. राज्यातल्यांनी प्रतीसोबतचं पत्र नीट वाचावं, आणि सही करताना तारीख स्वतःच्या हाताने घालावी. "चांगला शेरा कळवत नसतात" असं कुणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका. प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देवदत्त प्रकरणात सांगितलंय.

निवेदनात बाळाच्या आजारपणाचं लिहू नका, ताई. वाचणाऱ्याला त्यातून 'कामात लक्ष नव्हतं' एवढंच दिसतं. रजेच्या तारखा, हजर महिने, त्या महिन्यांत निकाली काढलेली प्रकरणं आणि कोणती प्रतवारी हवी, बस्स. एका पानात.

तरीही नकार आला, तर 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे म्हणून थेट तिकडे धावू नका. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना आधी 'मॅट'मध्येच (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जावं लागतं, आणि त्यासाठी अजून मुंबईच गाठावी लागते.