कूलंटच्या टाकीत वाढणारे आजार

लेथ, मिलिंग किंवा ग्राइंडिंग मशीनवर धातू कापला जातो तेव्हा हत्यार आणि जॉब (कापला जाणारा तुकडा) यांच्यामध्ये इतकी उष्णता निर्माण होते की, थंडावा आणि वंगण दोन्ही देणाऱ्या द्रवाची धार तेथे अखंड सोडावी लागते. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीच्या बहुतेक मशीन शॉपमध्ये दिसणारा हा दुधाळ द्रव, म्हणजे कूलंट, साधारणतः 5 ते 10 टक्के तेलकट अर्क पाण्यात मिसळून तयार केलेला असतो. त्याच्या धोक्याचा अंदाज आपण डब्यावरच्या सूचना वाचून बांधतो. परंतु डब्यातला ताजा अर्क आणि टाकीत कित्येक महिने फिरत राहिलेला कूलंट हे गुणधर्मांनी दोन निराळे पदार्थ आहेत, आणि कामगाराचा दिवसभर संबंध येतो तो दुसऱ्याशी.

टाकीतले पाणी उडून जाते, मशीनचे स्लाइड-वे ऑइल (सरकत्या भागांचे वंगण) आणि हायड्रॉलिक ऑइल गळून तिच्यात मिसळते, धातूचे सूक्ष्म कण साचतात आणि कार्बाइडच्या हत्यारांतून कोबाल्ट विरघळत राहतो. कूलंटमधील तेल आणि साबणासारखे घटक हे जिवाणूंचे उत्तम खाद्य असल्यामुळे, देखभाल नसलेल्या टाकीत एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जिवाणू सापडू शकतात. मशीन बंद असताना गळक्या तेलाचा थर पृष्ठभागावर पसरतो, हवेतील ऑक्सिजन आत जाईनासा होतो आणि ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करू लागतात. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तेथे शुक्रवारी पहिल्या पाळीत मशीन सुरू करताच कुजक्या अंड्यांचा जो वास येतो, तो याच वायूचा. वास मारण्यासाठी जंतुनाशकाची बाटली ओतून काम पुढे चालू ठेवणे हा सर्वत्र आढळणारा, आणि माझ्या मते सर्वांत फसवा, उपाय आहे. त्याचे कारण पुढे येईल.

सर्वाधिक आढळणारा त्रास त्वचेचा असतो. कूलंट गंजरोधक राहावा म्हणून त्याचा सामू 8.5 ते 9.5 च्या आसपास ठेवलेला असतो. अशा अल्कधर्मी द्रवात हात वारंवार भिजले की त्वचेवरचे नैसर्गिक स्निग्ध आवरण निघून जाते, कातडी कोरडी पडते, भेगाळते आणि मग निकेल, क्रोमियम, कोबाल्ट किंवा जंतुनाशके यांची ॲलर्जी जडण्यास वाट मिळते. एकदा जडलेली ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते. निव्वळ कटिंग ऑइलवर काम करणाऱ्यांना हातांवर आणि मांड्यांवर तेलाचे फोड येतात, कारण तेलाने माखलेले कपडे केसांची मुळे बुजवतात. हातमोजे घाला असे सांगणे सोपे आहे; पण फिरत्या चकजवळ (जॉब पकडणाऱ्या भागाजवळ) मोजा अडकला तर हातच आत ओढला जातो, त्यामुळे तो सल्ला सरसकट देता येत नाही.

फुप्फुसांचे आजार त्या मानाने कमी आढळतात, पण अधिक गंभीर असतात. वेगाने फिरणाऱ्या हत्यारावर आदळलेला कूलंट सूक्ष्म तुषारांच्या रूपाने हवेत पसरतो आणि त्याबरोबर जिवाणू, त्यांचे तुकडे आणि त्यांची विषेही श्वासातून आत जातात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज भागातील मोटार-इंजिनांच्या कारखान्यात 2003-04 मध्ये याचा मोठा उद्रेक झाला. तेथील 87 कामगारांना कामामुळे श्वसनविकार झाल्याचे निदान झाले: 74 जणांना दमा आणि 19 जणांना वायुकोशांचा (फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांचा) ॲलर्जीजन्य दाह, तर काहींना एकाहून अधिक विकार होते. अमेरिकेतील कारखान्यांतील अशाच उद्रेकांच्या संदर्भात मायकोबॅक्टेरियम इम्युनोजेनम हा जिवाणू पुढे आला, ज्याला हे नाव 2001 मध्ये मिळाले. तो क्षयाच्या जंतूच्या कुळातला असला तरी येथे आजार संसर्गाचा नसून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेच्या अतिरेकी प्रतिसादाचा असतो, आणि तो प्रतिसाद मेलेल्या जिवाणूंच्या अवशेषांनीही उद्भवतो. शिवाय मेणासारख्या आवरणामुळे हे जिवाणू जंतुनाशकांना दाद देत नाहीत. बाटली ओतल्याने त्यांचे प्रतिस्पर्धी तेवढे मरतात. टाकी रिकामी करून, घासून, तळाचा गाळ काढून नवा कूलंट भरणे याला म्हणूनच पर्याय नाही.

कर्करोगाच्या बाबतीत जुना आणि नवा काळ वेगळा करून पाहावा लागतो. लँकेशायरच्या सूतगिरण्यांतील कामगारांना चात्यांच्या खनिज तेलामुळे वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होत असे. शुद्ध न केलेली किंवा जुजबी शुद्ध केलेली खनिज तेले आज मानवात निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत. आताची तेले बरीच शुद्ध असतात. तसेच नायट्राइट आणि इथेनॉलअमाइन एकत्र आल्यास नायट्रोसमाइन ही कर्करोगकारक रसायने तयार होतात हे कळल्यावर अमेरिकेत 1984 मध्ये काही कूलंटांत नायट्राइट मिसळण्यास बंदी आली.

हवेतील तुषारांसाठी अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने 1998 मध्ये 0.4 मिलिग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा सुचवली. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत खनिज तेलाच्या तुषारांसाठी ती 5 मिलिग्रॅम होती. मात्र वजन मोजल्याने जिवाणू मोजले जात नाहीत. ब्रिटनमध्ये पाणी-मिश्रित कूलंटसाठी 1 मिलिग्रॅमचा मार्गदर्शक आकडा होता. त्याच्या आत राहूनही आरोग्याची हमी मिळत नाही, म्हणून तो मागे घेण्यात आला. त्यापेक्षा मशीनला बंदिस्त आवरण व तुषार ओढून घेणारी यंत्रणा बसवणे, कटिंग थांबल्यावर दार लगेच न उघडणे, एअर गनने जॉब न फुंकणे, गळके तेल रोज काढणे आणि रिफ्रॅक्टोमीटरने (द्रवातील अर्काचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) तीव्रता तपासणे अधिक उपयोगी ठरते. कमी झालेला कूलंट नुसत्या पाण्याने भरत राहिल्यास तीव्रता घसरते आणि जिवाणूंचे फावते.

वायुकोशांच्या दाहात ताप, खोकला आणि धाप पाळीनंतर चार ते आठ तासांनी, बहुधा घरी, सुरू होतात. म्हणून रुग्ण आणि डॉक्टर दोघेही फ्लू, न्यूमोनिया, प्रसंगी क्षय समजतात. सुट्टीत बरे वाटणे आणि कामावर परतताच त्रास उलटणे ही मुख्य खूण आहे. दम्याचा संशय असल्यास पीक-फ्लो मीटरवर (श्वास सोडण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणावर) दिवसातून चारदा फुंकून काही आठवड्यांची नोंद ठेवल्यास कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतला फरक कागदावर दिसतो. ही नोंद लवकर डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि ताप-धाप कामाबरोबर येत-जात असेल तर तेही सांगावे. कारण वायुकोशांचा दाह वर्षानुवर्षे चालू राहिला तर फुप्फुसात तयार होणारे व्रण नंतर काम सोडूनही भरून येत नाहीत.