चित्रशाळा, नरकासुर आणि रापणकार: गोव्यातल्या सामूहिक शिल्पाची पार्श्वभूमी

गोव्यातले कलाकार डॉ. सुबोध केरकर यांनी रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, किनाऱ्यावर बसवून त्यांच्याच देहांची होडी घडवली, ती लोकांना सोबत घेतलेली कला म्हणून वाखाणली गेली. ते रास्तच. पण गोव्यात मूर्तिकाम एकट्याचं होतं तरी कधी?

चवथीच्या महिना-दोन महिने आधी घरचा पाट चित्रशाळेत पोचता करायचा आणि त्याच पाटावर आपला गणपती घडायचा, ही इथली जुनी रीत. चित्रशाळा म्हणजे बहुतेकदा मूर्तिकाराच्याच घराची पडवी. मुलं आधी माती मळतात, मग साच्यातून हात-पाय काढतात, सांधे बुजवतात, रंगाला बसतात. डोळे मात्र जाणत्यानेच लिहायचे. शिकवणी अशी कुणी घेत नाही, तरी शिकणं होतं. दिवाळीच्या आदल्या रात्री तीच पोरं आपल्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, बांबू, सुकं गवत आणि कागदाचा नरकासुर उभा करतात आणि पहाटे जाळून टाकतात. (हल्ली नरकासुरापेक्षा त्याच्यापुढचे ध्वनिक्षेपकच मोठे, तो भाग वेगळा.)

चर्चमधल्या लाकडी आणि हस्तिदंती मूर्तींमागेही असेच अनाम हात आहेत. ख्रिस्ती प्रतिमा हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असं 1567च्या धर्मपरिषदेने बजावलं; काम काही थांबलं नाही.

खाली सही असलेली कला शिकायला मात्र मुंबई गाठावी लागे. त्रिंदाद, सूझा, लक्ष्मण पै हे गोव्याचे चित्रकार, सगळे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे. पणजीत कला महाविद्यालय निघालं ते 1972 साली. पुढे 1977 ते 1987 पै तिथे प्राचार्य होते. घर न सोडता पदवी मिळू लागली. मात्र पडवीतलं शिकणं आणि वर्गातलं शिकणं यांची गाठ फारशी पडली नाही, असं मला वाटतं.

केरकरांची वाट या दोन्हींच्या मधून जाते. वडील चित्रकार, स्वतः डॉक्टर. दवाखाना सोडून जलरंग, जलरंगांतून मांडणीशिल्प. समुद्र, होड्या, शिंपले हे त्यांचं साहित्य आणि मच्छीमार त्यांचे सोबती. 2015मध्ये त्यांनी पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत ‘म्युझियम ऑफ गोवा’ उघडलं. तिथे गोव्यातल्या इतर कलाकारांची कामंही लागतात आणि मुलांसाठी कार्यशाळाही होतात.