अल्स्टर काउंटीतील जुनी दगडी घरे

अल्स्टर काउंटी ही अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या पश्चिम काठावर वसलेली, बव्हंशी ग्रामीण काउंटी आहे. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे १४५ किमी. अंतरावरील किंग्स्टन हे तिचे मुख्य ठाणे. १ नोव्हेंबर १६८३ रोजी न्यूयॉर्क प्रांताच्या बारा काउंट्या पाडण्यात आल्या, त्यांपैकी ही एक. ड्यूक ऑफ यॉर्क (पुढे राजा दुसरा जेम्स) याच्याकडे ‘अर्ल ऑफ अल्स्टर’ हा आयरिश किताबही होता, त्यावरून हे नाव पडले. डच, फ्रेंच प्रॉटेस्टंट (ह्यूगनॉट) आणि इंग्रज वसाहतवाल्यांच्या मिश्र वस्तीमुळे, आणि मुख्यतः किंग्स्टन, हर्ली व न्यू पॉल्ट्झ येथे टिकून राहिलेल्या सतराव्या-अठराव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या दगडी घरांमुळे, अमेरिकी वास्तुइतिहासात या काउंटीला स्थान आहे. ‘मानल्या जाणाऱ्या’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. त्याचे कारण पुढे येईल.

वसाहतीपूर्वी हा मुलूख लेनापी लोकांपैकी मुन्सी बोली बोलणाऱ्या एसोपस जमातीचा होता. नदी-ओढ्यांकाठच्या गाळाच्या सपाट जमिनींवर ते मका पिकवीत. युरोपीय वस्ती नेमकी येथेच का झाली, याचे सरळ उत्तर यातच आहे : जंगल तोडण्याचे कष्ट आधीच कोणीतरी घेतलेले होते. टॉमस चेंबर्स याने १६५२ मध्ये एसोपस लोकांकडून जमीन घेतली व पुढील वर्षी वस्ती सुरू झाली. विखुरलेल्या शेतकऱ्यांनी एका उंचवट्यावर लाकडी कुंपणाच्या आत राहावे, असा हुकूम गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याने १६५८ मध्ये काढला. या गावाला १६६१ मध्ये विल्टविक या नावाने सनद मिळाली. त्याच सुमारास जवळच ‘न्यू डॉर्प’, म्हणजे नवे गाव, वसले. जमिनीवरून चिघळलेला संघर्ष ७ जून १६६३ रोजी भडकला. पुरुष शेतावर गेलेले असताना एसोपस योद्ध्यांनी दोन्ही गावांवर हल्ला केला, न्यू डॉर्प जाळले आणि चाळीसहून अधिक स्त्रिया-मुलांना पकडून नेले. १६६४ मध्ये तह झाला व त्याच वर्षी वसाहत इंग्रजांकडे गेली. १६६९ मध्ये विल्टविकचे किंग्स्टन झाले आणि न्यू डॉर्पचे हर्ली.

पकडलेल्यांत लुई ड्युबॉय या ह्यूगनॉटाची पत्नी कॅथरीन होती. तिच्या शोधात निघालेल्या लुईने वॉलकिल नदीचे खोरे प्रथम पाहिले आणि तेथेच पुढे न्यू पॉल्ट्झ वसवले, अशी परंपरागत कथा आहे. सुटका झाली त्या क्षणी कॅथरीन स्तोत्र गात होती, हा कथेतील भाग तर स्थानिक पुस्तिकांतून हमखास भेटतो. शोधमोहिमेची समकालीन डच दैनंदिनी उपलब्ध आहे. स्तोत्राचा प्रसंग मात्र मागाहून रुजलेल्या कौटुंबिक आठवणींतला दिसतो. निश्चित म्हणता येते ते एवढे : २६ मे १६७७ रोजी बारा ह्यूगनॉटांच्या गटाने एसोपस प्रमुखांशी जमिनीचा करार केला. मोबदल्यात किटल्या, कुऱ्हाडी, सदरे, घोंगड्या, सुऱ्या, शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा आणि घोडे असा ऐवज दिला. २९ सप्टेंबर रोजी गव्हर्नर एडमंड अँड्रॉस याने सुमारे ४०,००० एकरांची सनद दिली. गावाचे नाव जर्मनीतील फाल्ट्स (पॅलटिनेट) प्रांतावरून आहे. फ्रान्स व फ्लँडर्सच्या सीमेवरून परागंदा झालेल्या या कुटुंबांनी काही वर्षे तेथे आसरा घेतला होता. ड्युबॉय, हॅसब्रुक, डेयो, बेव्हिए, लफेव्हर, फ्रीर आणि क्रिस्पेल ही बारा जणांची आडनावे आजही काउंटीत आढळतात. गावाचा कारभार पुढे बारा जणांच्या मंडळाने, ‘ड्युझीन’ने, चालवला.

घरांची बांधणी. घरासाठी लागणारा दगड जवळपासच्या जमिनीतूनच मिळे. किंग्स्टन-हर्ली भागात तो मुख्यतः चुनखडीचा. भिंती जाड, दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले आणि बाहेरून दगडांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, चुन्याने भरलेल्या. चुन्याची ही बाहेरची दर्जभरणी निघाली आणि वेळेवर नवी भरली नाही की पावसाचे पाणी आतल्या मातीत शिरते व भिंत पोटातून पोकळ होते; अनेक घरे ढासळली ती अशी. छप्पर दुपाखी व चढे. प्रत्येक पाख्याला मध्येच मोड घेऊन दोन उतार पडणारे छप्पर म्हणजेच ‘डच’ हा अमेरिकेत रूढ झालेला समज हडसनच्या खालच्या भागावरून व न्यू जर्सीवरून आलेला आहे. अल्स्टरला तो फारसा लागू पडत नाही. छपराखालचा माळा सलग व प्रशस्त असे. तेथे कोणी राहत नसे, गहू साठवला जाई.

आत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाणाऱ्या भरभक्कम तुळया उघड्या दिसतात, रंध्याने तासून गुळगुळीत केलेल्या. या तुळयांवरच माळ्याची फळी. चुलीची रचना इंग्रजी पद्धतीहून वेगळी होती. विस्तवाला दोन्ही बाजूंना भिंत नसे. मागच्या भिंतीलगत जमिनीवरच जाळ, आणि वर तुळयांना टांगलेला धुराड्याचा रुंद झगा. झग्याच्या कडेला कापडाची झालर लावीत, म्हणजे धूर खोलीत पसरत नसे. इंग्रजी पद्धतीच्या बंदिस्त चुली आल्यावर बहुतेक घरांतून ही व्यवस्था काढून टाकली गेली. न्यू पॉल्ट्झच्या झां हॅसब्रुक घरात तिचे मूळ धुराडे टिकले आहे, आणि ते देशातील असे एकमेव असल्याचा दावा केला जातो. बाहेरचे दार आडवे दोन भागांत कापलेले असे : वरचा भाग उजेडासाठी उघडा, खालचा डुकरे-कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून बंद.

कालनिश्चितीचा वाद. या घरांविषयीच्या लेखनाचा मोठा भाग ‘सर्वांत जुने कोणते’ या प्रश्नाने व्यापला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वंशजांनी मंडळे काढली (न्यू पॉल्ट्झचे १८९४ मध्ये) आणि घरांना मूळ सनदधारकांची नावे व शक्य तितकी जुनी साले दिली. पद्धत साधी होती : सनदधारकाला अमुक साली जमिनीचा तुकडा मिळाला, तेव्हा त्यावरचे घर त्याच्याच हातचे. पहिली घरे लाकडी होती, हे हेच लेखक मान्य करीत. पण लाकडी घर जाऊन दगडी कधी आले, हे ठरवताना ते उदार होत. झां आणि अब्राहम हॅसब्रुक या भावांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन घरांना अशा रीतीने सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १७१२ पर्यंतची निरनिराळी साले मिळाली.

विसाव्या शतकातील वास्तु-अभ्यासकांनी चुली, तुळयांच्या कडा, खिळे, बिजागऱ्या यांवरून शंका घेतल्या होत्या. निर्णय मात्र लाकडाने दिला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेतील वृक्षवलय प्रयोगशाळेने या घरांच्या तुळया तपासल्या. पोकळ गिरमिटाने तुळईतून पेन्सिलीएवढ्या जाडीची कांडी काढतात व तिच्यावरील वलयांची रुंदी क्रमाने मोजतात. ओल्या-कोरड्या वर्षांचा तो रुंद-अरुंद क्रम त्याच प्रदेशातील साल ठाऊक असलेल्या लाकडांच्या क्रमाशी जुळवला, की शेवटच्या वलयाचे साल मिळते. कांडी झाडाच्या सालीच्या लगेच खालपासून घेतलेली असेल तर ते झाड पाडल्याचे साल ठरते. तासताना बाहेरची वलये गेली असतील तर फक्त ‘यानंतर’ एवढेच सांगता येते. सुतार त्या काळी ओले लाकूडच कामाला घेत, त्यामुळे तोड आणि बांधणी यांत सहसा फार अंतर नसते. जुन्या घरातून काढून पुन्हा वापरलेली तुळई फसवू शकते, म्हणून एकाच घरातील अनेक तुळयांचा मेळ पाहावा लागतो.

निष्कर्ष असा निघाला, की झां हॅसब्रुक घर १७२१ चे आहे. झां १७१४ मध्येच वारला होता. घर त्याचा मुलगा जेकब याने बांधले. अब्राहम हॅसब्रुक घराचा पहिला भागही १७२१ चाच आणि पुढचे भाग त्यानंतरचे. अब्राहम १७१७ मध्ये वारला, बांधणारा त्याचा मुलगा डॅनियल. म्हणजे बापांच्या नावांची ही घरे लेकांनी बांधली. नावे मात्र बदललेली नाहीत. रूढ झालेले नाव पाटीवरून काढणे साल बदलण्यापेक्षा अवघड असते, असे दिसते. दारालगत कोरलेल्या आद्याक्षरांच्या व सालांच्या दगडांबाबतही सावधगिरी हवी. ते पुष्कळदा वाढवलेल्या खोलीचे असतात, घराचे नव्हे.

ही उशिराची साले दुसऱ्या एका जुन्या वादालाही उपयोगी पडतात : ही घरे डच की फ्रेंच? कुटुंबे फ्रेंच, तेव्हा घरेही फ्रेंच, असे पूर्वी गृहीत धरले जाई. परंतु १७२१ पर्यंत ही मंडळी डच शेजाऱ्यांत दोन पिढ्या राहिली होती, त्यांच्यात सोयरिकी झाल्या होत्या; चर्चच्या नोंदी १७३० च्या दशकात फ्रेंचमधून डचमध्ये गेल्या, इंग्रजी तर त्यानंतर कितीतरी उशिरा आली. तुळया, चूल, माळा सारेच डच पद्धतीचे आहे. ‘ह्यूगनॉटांची डच घरे’ हे वर्णन सध्या अधिक ग्राह्य वाटते.

किंग्स्टनचा प्रश्न निराळा आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात १६ ऑक्टोबर १७७७ रोजी जनरल जॉन व्हॉन याच्या ब्रिटिश फौजेने हे गाव जवळजवळ पूर्ण जाळले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्क राज्याची पहिली घटना येथे संमत झाली होती, आणि राज्याच्या सिनेटची पहिली बैठक अब्राहम व्हॅन गासबेक याच्या दगडी घरात (आजचे सिनेट हाउस) भरली होती. जाळपोळीत छपरे, तुळया, दारे-खिडक्या गेल्या. भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावरच नवी छपरे चढली. अशा ठिकाणी वृक्षवलये आगीनंतरचीच साले देणार. सिनेट हाउसला दिले जाणारे १६७६ हे साल परंपरेचे आहे. भिंतींचा काही भाग जुना असू शकतो, तरी आज दिसणारे घर बऱ्याच अंशी पुनर्बांधणीचे आहे. राज्याने ते १८८७ मध्ये विकत घेतले. याच गावात जॉन व क्राउन या रस्त्यांच्या चौकात चारही कोपऱ्यांवर अठराव्या शतकातील दगडी घरे उभी आहेत. हर्ली आगीतून वाचले. युद्धकाळात कारभार पाहणारी राज्याची सुरक्षा समिती १७७७ च्या अखेरीस काही आठवडे तेथील व्हॅन ड्यूसन घरात (१७२३) बसत असे, त्यामुळे आपले गाव एके काळी राजधानी होते असे हर्लीकर सांगतात.

तळघरे. १७९० च्या जनगणनेत काउंटीच्या सुमारे २९,००० लोकसंख्येपैकी २,९०० च्या आसपास माणसे गुलाम होती. दगडी घरांच्या तळघरांत स्वयंपाक होई आणि पुष्कळदा गुलामांची निजण्याची जागाही तीच. याचे घरातल्या माणसाने केलेले वर्णन सोजर्नर ट्रुथ हिच्या १८५० च्या आत्मवृत्तात आहे. ती सु. १७९७ मध्ये याच काउंटीत इझाबेला म्हणून जन्मली. तिची पहिली भाषा डच. चार्ल्स हार्डनबर्ग याच्या घराच्या तळघरात सर्व गुलाम, स्त्री-पुरुष-मुले, एकत्र निजत; सैल फळ्यांच्या जमिनीखाली चिखल व पाणी साचलेले असे. १८२६ मध्ये ती धाकट्या मुलीला घेऊन मालकाकडून निघून गेली. राज्यातील गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी संपली. बेकायदेशीररीत्या अलाबामाकडे विकला गेलेला आपला मुलगा पीटर तिने १८२८ मध्ये किंग्स्टनच्या न्यायालयातून परत मिळवला. वंशज-मंडळांच्या जुन्या लेखनात तळघर म्हणजे केवळ ‘थंड कोठार’ असे. ही भाषा अलीकडे बदलली. न्यू पॉल्ट्झच्या राज्य विद्यापीठाने २०१९ मध्ये वसतिगृहांना दिलेली सनदधारक घराण्यांची नावे काढून स्थलनामे दिली.

काउंटीच्या पश्चिमेकडील कॅट्सकिल डोंगराळ भागात दगडी घरे क्वचितच आढळतात. १७०८ च्या अवाढव्य हार्डनबर्ग सनदेखाली जमीन मोजक्या मालकांकडे गेली, हद्दींचे वाद चालले आणि कुळे उशिरा व तात्पुरत्या मुदतीने आली. कुळाने जाड भिंती कोणासाठी उभारायच्या? त्यांची लाकडी घरे फारशी उरली नाहीत. काही गावे तर १९०७ ते १९१५ दरम्यान न्यूयॉर्क शहराच्या पाण्यासाठी बांधलेल्या अशोकन जलाशयाखाली गेली. सुमारे २,००० माणसे हलवली गेली.

जतन. न्यू पॉल्ट्झच्या ह्यूगनॉट स्ट्रीटला १९६० मध्ये व हर्लीला १९६१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. हर्लीची घरे आजही मुख्यतः राहती आहेत व वर्षातून एका जुलैच्या शनिवारी पाहुण्यांना खुली होतात. सर्व घरे सारखी जपली गेली असे नाही : न्यू पॉल्ट्झचे डेयो घर १८९४ मध्ये मालकांनी वाढवून तत्कालीन फॅशनच्या बंगल्यात रूपांतरित केले, आणि १७०५ चा म्हणून ओळखला जाणारा ड्युबॉय ‘किल्ला’ १८३० च्या दशकात बराच बदलला. हडसन खोऱ्यातील डच घरांचे पहिले विस्तृत सर्वेक्षण हेलेन विल्किन्सन रेनॉल्ड्स यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याला प्रस्तावना फ्रँकलिन रूझवेल्ट यांची होती. पलीकडच्या डचेस काउंटीचे रहिवासी असलेल्या रूझवेल्टांना या दगडी बांधणीचे भारी वेड. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी आपल्या भागातील टपाल कार्यालये त्याच धर्तीवर बांधवून घेतली. ऱ्हाइनबेकचे टपाल कार्यालय (१९३९) तर सु. १७०० च्या, आगीत गेलेल्या किप घराच्या नमुन्यावर, त्याच्याच पडक्या भिंतींतले काही दगड वापरून उभारले आहे.