विसानं काय होतंय?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट टप्प्यात कारला ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आहे. समजा, पुढे लेनमध्येच एक ट्रक बंद पडलाय आणि तो दिसला तेव्हा कार 84 मीटरवर आहे. म्हणजे मध्ये साधारण सात एसट्या एकामागे एक मावतील. धडक होईल?

ताशी 100 म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. ट्रक दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला (हा चालक चांगलाच सावध धरलाय), तर 28 मीटर तिथेच संपले. उरले 56. कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक दाबला तर वेग दर सेकंदाला सुमारे 7 मीटर प्रतिसेकंदाने उतरतो. काट्यावर पाहिलं तर सेकंदाला पंचविसाने. चार सेकंदांत गाडी उभी. त्या चार सेकंदांची वाटणी मात्र बघण्यासारखी आहे: 24.5 मीटर, मग 17.5, मग 10.5 आणि शेवटी जेमतेम 3.5. म्हणजे 7:5:3:1. वरून सोडलेला दगड 1:3:5:7 असं अंतर कापतो, हे गॅलिलिओने सतराव्या शतकात सांगितलं. ब्रेक लावलेली गाडी तोच पाढा उलटा म्हणते. बेरीज 56. बंपर टेकता टेकता वाचला.

आता ट्रक तोच, अंतर तेच, वेग 120. 'विसानं काय होतंय?' पहिल्या सेकंदात 33.3 मीटर गेले, उरले 50.7. नववीतलं गतीचं तिसरं समीकरण काढा (उरलेल्या वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग वजा 2 × वेग उतरण्याचा दर × अंतर): 33.3 चा वर्ग सुमारे 1110. त्यातून 2 × 7 × 50.7, म्हणजे 710 वजा. उरले 400, वर्गमूळ 20. सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरी 72च्या वेगाने ट्रकवर आदळते! मी ही आकडेमोड दोनदा तपासली. वाढीव वेग विसाचा, म्हणून धडकही विसाचीच होईल असं मन म्हणतं. पण समीकरणात वजाबाकी वेगांची नसते, वर्गांची असते.

ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली, तर शंभराच्या गाडीलाही 140 मीटर लागतात.

ट्रक बंद नसून ताशी चाळिसाने चाललेला असेल तर हिशेब वेगळा. तेव्हा दोघांच्या वेगांतला फरक धरायचा, आणि कोरड्या रस्त्यावर शंभराच्या गाडीला 37 मीटर पुरतात. पण रात्री, मागचे लाल दिवे गेलेले असताना, तो चाललाय की उभा आहे हेच लांबून कळत नाही.